खिडकीकडे तोंड

हार मीच आणवला, पेढे मीच आणवले आणि फोटोही मीच काढला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आता दोष द्यायचा तर दुसऱ्या कुणाचं नावही घेता येत नाही, आणि तेच मला जास्त झोंबतं.

आमचं ऑफिस दुबईत, देऱ्यात, खाडीच्या अगदी समोर, पाचव्या मजल्यावर. कंपनी जपानी. सिमेंटच्या आणि टाइल्सच्या कारखान्यांना लागणारी मशीनं नि त्यांचे सुटे भाग विकायची. रास अल खैमाच्या कारखान्यांत आमचा बराच माल जायचा. मी तिथे सेक्रेटरी. नावाला सेक्रेटरी हो! टायपिंग, फॅक्स, व्हिसाचे कागद, चहाची साखर, सगळं माझ्याच गळ्यात. अकरा माणसं, त्यांतले जपानी दोन. मोठा साहेब दर तीन वर्षांनी बदलायचा. त्याच्या हाताखालचे हिरानो-सान मात्र आठ वर्षं तिथेच होते, डेप्युटी मॅनेजर म्हणून. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’ समजा.

त्रेपन्न वर्षांचा, शिडशिडीत, अबोल माणूस. सकाळी साडेसातला हजर. फोनवर बोलतानासुद्धा कमरेत वाकायचा. पलीकडच्याला काय दिसतंय डोंबल! पण वाकायचा. बायको सेत्सुको आणि मुलगी मिहो, दोघी ओसाकाला. आठ वर्षांत बायको एकदाही दुबईला आली नाही हे मी ऐकलं तेव्हा माझे कान टवकारले, म्हटलं, काहीतरी बिनसलंय. तर तसं काही नव्हतं. मुलीची शाळा मोडायची नाही, सासूचं वय झालेलं, म्हणून बापानं एकट्यानं परगावी जायचं, अशी तिकडे पद्धतच आहे म्हणे. आमचा ड्रायव्हर मोहिद्दीन रत्नागिरीकडचा. तो म्हणाला, “विदूताई, मग आमचं अख्खं गाव जपानीच की.” हिरानो-सानांना मी हे इंग्रजीत सांगितलं तर ते हसले. त्यांच्याशी माझं सगळं बोलणं इंग्रजीतच, त्यांचंही मोडकं, माझंही. ‘विदू’चं त्यांच्या तोंडी ‘बिदू-सान’ व्हायचं. महिन्याला ते घरी खजुराचा डबा पाठवायचे. तो बांधून कुरिअरला द्यायचं काम माझं, त्यामुळे ओसाकाचा पत्ता मला तोंडपाठ होता.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात तोक्योहून नवा मोठा साहेब आला. नाकाओ-सान. वय अडतीस, केस चापून बसवलेले, आवाज मऊ. जपानात तेव्हा धंदे बसले होते, आमच्या ऑर्डरीही आटल्या होत्या. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं ऑफिसची मांडणी बदलली. हिरानो-सानांचं टेबल आधी रांगेच्या टोकाला असायचं, पाठ काचेकडे आणि सगळं ऑफिस डोळ्यांसमोर. ते उचलून पार कोपऱ्यातल्या मोठ्या खिडकीशी नेलं, खिडकीकडे तोंड करून. टेबलावरचा फोन काढला. फायली नाकाओच्या केबिनमध्ये गेल्या. नवी कार्डं छापून आली, ‘सीनियर ॲडव्हायजर’. मग नाकाओनं मला आत बोलावून त्याच्या त्या मऊ आवाजात सांगितलं, “हिरानो-सानांनी खूप वर्षं कष्ट केलेत. आता त्यांना त्रास देऊ नका. कसलंही काम त्यांच्याकडे नेऊ नका.”

शप्पत सांगते, मला भरून आलं. म्हटलं, बघा, माणसाची कदर म्हणतात ती ही! आमचा जो अरब कफील, म्हणजे ज्याच्या नावावर कंपनीचं लायसन होतं, त्याची खोली तशीच. तो आठवड्यातून दोनदा यायचा, काव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, दोन पेले प्यायचा, खिडकीतून खाडीतल्या लाँचा बघायचा नि जायचा. दुबईत खिडकी मिळते ती मोठ्या माणसालाच. बाकी आपण सगळे ट्यूबलाइटखाली. फोन नाही, फायली नाहीत, समोर पाणी, म्हणजे कटकट संपली, आता नुसता मान. मला दुसरं काही सुचलंच नाही.

मोहिद्दीनला म्हटलं, “यल्ला, बर दुबईला जा, देवळाच्या गल्लीतून चांगला गुलाबाचा हार आण.” पंधरा दिरहमचा हार, म्हणजे पावणेदोनशे रुपये. आणा म्हटलं. करामाहून पेढे आणवले. बुधवारी दुपारी सगळ्यांना गोळा केलं आणि टाळ्यांच्या गजरात हिरानो-सानांच्या गळ्यात हार घातला.

ते उठून उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, “हे... ह्या जागेसाठी?”

“मग! काँग्रॅच्युलेशन्स!” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग खूप खाली वाकले, इतके की हार जमिनीला टेकेल असं वाटलं. नाकाओ केबिनच्या दारात उभा होता. त्यानं पेढा घेतला, टाळ्या वाजवल्या आणि दार लावून घेतलं. मी हिरानो-सानांना खुर्चीत बसवून फोटो काढला. मोकळं लखलखीत टेबल, गळ्यात हार, काचेपलीकडे खाडी. पाच वाजेपर्यंत त्यांनी तो हार काढला नाही. मला वाटलं, माणूस खूश झालाय.

ऑक्टोबरात एके दिवशी त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि एका हॉटेलचं रंगीत पुस्तक समोर ठेवलं. मिहोचं लग्न ठरलं होतं. मार्चमधला एक रविवार, चांगला मुहूर्त बघून. मुलगा इंजिनियर, मुलाचा बाप बँकेत मोठ्या हुद्द्यावर. हॉटेलातच एक छोटं चर्च बांधलेलं, नुसतं लग्नापुरतं. ख्रिस्ती धर्माशी त्यांचं काही देणंघेणं नाही, पण हल्ली मुलींना तसंच लग्न हवं असतं म्हणाले. तिथे बाप मुलीला हाताला धरून दारापासून आत नेतो.

“आमच्याकडे कन्यादान करतात तसंच,” मी म्हटलं.

“बावीस पावलं आहेत,” ते म्हणाले. त्यांनी हॉटेलला फॅक्स करून विचारून घेतलं होतं! “तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला मी नव्हतो. परीक्षेला नव्हतो. कॉलेज सुरू झालं तेव्हा नव्हतो. ही बावीस पावलं मला चालायची आहेत.”

मग आम्ही तालीम केली. लंच टायमाला, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये. मी चव्वेचाळीस वर्षांची घोडी, मिहो होऊन त्यांच्या दंडाला धरून चालले. ते फार भराभर चालायचे. मी दटावायची, “अहो, ट्रेन पकडायचीय का? मुलीला साडी... आपलं, तो मोठा घोळदार झगा सांभाळायचाय.” ते थांबायचे, सॉरी म्हणायचे, पुन्हा पहिल्यापासून. असं आम्ही आठवड्यातून दोनदा तरी करायचो. मोहिद्दीन लिफ्टमधून बाहेर आला की टाळ्या वाजवायचा. मार्चच्या दहा दिवसांच्या रजेचा अर्ज मीच टाइप केला.

एरवी दिवसभर ते खिडकीशी. पेन्सिलींना टोक काढायचे, आठवड्यापूर्वीचं जपानी वर्तमानपत्र वाचायचे, मग नुसते बसायचे. मी नाकाओचा हुकूम इतका मनावर घेतला की विचारू नका. एकदा मोहिद्दीन सवयीनं कसल्याशा पावतीवर त्यांची सही घ्यायला निघाला तर मी खेकसले त्याच्यावर, “अरे, साहेबांना काय त्रास देतोस?” हिरानो-सानांनी पेनाचं टोपणही काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं.

दिवाळीला कॅमेऱ्यातला रोल संपला, फोटो धुऊन आले. त्यांचा फोटो काय सुरेख आला होता! माझे हात शिवशिवायला लागले. नोव्हेंबरचा खजुराचा डबा बांधायचा होताच. त्यात मी फोटो ठेवला आणि वर सेत्सुकोबाईंना इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं तेही अक्षरन्‌अक्षर आठवतंय. ‘तुमच्या मिस्टरांना ऑफिसातली सगळ्यांत चांगली जागा मिळाली आहे. आता काम नाही, फोन नाही, फक्त मान. हा फोटो व्याह्यांनाही जरूर दाखवा.’ हिरानो-सानांना मी काही बोलले नाही. म्हटलं, घरून कळेल तेव्हा गंमत वाटेल.

गंमत!

जानेवारीच्या शेवटी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, रजेचा अर्ज मागे घ्यायचाय.

“म्हणजे? तारीख पुढे गेली?”

“नाही. तारीख तीच.”

मी काय सोडतेय! खोदून खोदून विचारलं. शेवटी त्यांनी मला खाली चला म्हटलं. आब्र्याच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या होड्यांच्या धक्क्यापाशी एक कॅफेटेरिया होती, तिथे दोन चहा घेतले. आठ वर्षांत हा माणूस कधी ऑफिसच्या वेळात खाली उतरला नव्हता. आता उतरला तरी हाक मारणारं कुणी नव्हतं.

“आमच्याकडे जुन्या माणसाला कंपनी काढून टाकत नाही,” ते म्हणाले. “खिडकीशी बसवते. काम काढून घेते. मग तो माणूस समजतो आणि आपणहून जातो.”

फोन, फायली, ते कार्ड, नाकाओचा मऊ आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. आणि माझा हार. अगं आई गं, माझा हार!

“मग तुम्ही का नाही गेलात?” मी कसंबसं विचारलं.

“मार्चपर्यंत थांबायचं होतं. लग्नात वधूचा बाप कुठल्या कंपनीत आहे हे बघतात. नोकरी नसलेला बाप मुलीचा हात धरून कसा चालेल? कार्डावर सीनियर ॲडव्हायजर होतं. कार्ड पुरेसं होतं. सेत्सुकोलाही मी तेवढंच सांगितलं होतं. तिनं त्या दिवशी लाल भात केला. आमच्याकडे चांगलं काही घडलं की करतात.”

फोटो पोचल्यावर बाई हरखल्या. आठ वर्षं त्यांनी नवऱ्याचं ऑफिस पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या गळ्यात फुलं बघून त्यांना आनंद झाला असणार. चिठ्ठीत लिहिलंय म्हणून व्याह्यांबरोबरच्या जेवणाला फोटो घेऊन गेल्या. तो मुलाचा बाप बँकेत माणसांच्या बदल्या-बढत्यांचं खातं बघायचा. अशी कितीतरी माणसं त्यानं स्वतः खिडकीशी बसवली होती. त्याला काय समजावायचं? मोकळं टेबल, फोन नाही, खिडकीकडे तोंड.

“मग? काय म्हणाले ते?”

“फोटो पुष्कळ वेळ बघितला. म्हणाले, पाणी छान दिसतं.”

“आणि?”

“आणि काही नाही. पुढच्या आठवड्यात लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाच्या बायकोनं सेत्सुकोला फोन केला. म्हणाल्या, हिरानो-सानांना दुबईत फार काम असेल. एवढ्या लांब येणं अवघड होईल. नाही जमलं तर कुणीही वाईट वाटून घेणार नाही.”

“म्हणजे येऊ नका!”

“असं कोणी म्हणालं नाही.”

माझं डोकंच फिरलं. “म्हणायला काय झालं होतं? तोंडं शिवलीत का सगळ्यांची? त्या नाकाओनं सरळ सांगायचं, त्या व्याह्यानं सरळ सांगायचं! आणि तुम्ही? मी हार घालत होते तेव्हा एक शब्द बोलला असतात तर मी तो फोटो फाडून टाकला असता!”

ते खाली बघत म्हणाले, “तुम्ही फार आनंदात होतात.”

मी रडले. भर कॅफेटेरियात, चार खलाशी बघत होते तरी रडले. म्हटलं, मी त्या व्याह्याला पत्र लिहिते, चूक माझी होती म्हणून सांगते, फोन करते, हवं तर विमानाचं तिकीट काढून जाते. हिरानो-सानांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि माझ्यापुढे मान खाली घातली. “प्लीज, बिदू-सान. काही करू नका.” वर्षानुवर्षं ज्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, त्यांचा आवाज त्या दिवशी चढला.

घरी गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. आमची उर्वी होमवर्कमधून मान वर न काढता म्हणाली, “ममा, यू ऑल्वेज डू धिस.” थोबाडीत द्यावीशी वाटली. पण खोटं काय बोलली ती?

नंतरचे सहा आठवडे मी त्यांच्या पाठीकडे बघत काढले. तालीम बंद झाली होती. त्यांनी राजीनामा दिला नाही, कारण बापाला ‘फार काम’ असायला आधी बापाला नोकरी हवी. लग्न होईपर्यंत खिडकीशी बसणं भागच होतं. मी सकाळी त्यांना चहा द्यायची, ते वाकून थँक यू म्हणायचे, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

तो रविवार आला. आमच्याकडे रविवार म्हणजे कामाचा दिवस. शारजाहून ट्रॅफिक तुडवत मी आठला पोचले, तर हिरानो-सान खिडकीशी बसलेले. अंगात काळा कुळकुळीत सूट, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पांढरा शुभ्र टाय. तिकडे लग्नाला पुरुष तसेच जातात, हे मला त्या हॉटेलच्या पुस्तकातल्या चित्रांवरून माहीत होतं. ओसाकातलं अकराचं लग्न म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा. म्हणजे हा माणूस सहाच्या आधी येऊन, दिवे न लावता, इथे एकटा बसला होता.

मला बघून ते उठले. “झालं,” म्हणाले. “आता जेवणं चालू असतील.”

काँग्रॅच्युलेशन्स म्हणायला जीभ रेटेना. एकदा म्हटलं होतं, तेवढं पुरे झालं होतं.

“बिदू-सान, एक विनंती आहे. तिकडे सगळ्यांना सांगितलंय, बापाला कामातून सवड झाली नाही. आज मला काहीतरी काम द्या. काहीही. म्हणजे निदान ते खोटं होणार नाही.”

मी नाकाओच्या बंद केबिनकडे बघितलं. म्हटलं, खलास, काढायचं तर काढू दे मला. कपाटातून जुन्या फॅक्सांचे गठ्ठे ओढून काढले. तो गुळगुळीत कागद, दोन-चार वर्षांत त्यावरची अक्षरं उडून जातात. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ठेवायचं काम कधीचं पडलं होतं. ज्याचं अक्षर दिसत नव्हतं ते काचेवर धरून, उजेडात वाचून, हातानं उतरवून काढायचं होतं. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला, बाह्या दुमडल्या आणि कामाला लागले. टाय तसाच ठेवला.

नऊला नाकाओ आला. त्याची नजर आधी त्या टायकडे गेली, मग गठ्ठ्यांकडे, मग माझ्याकडे. मी मनात शिव्यांची उजळणी करून तयार होते. तो सरळ केबिनमध्ये गेला आणि दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

अकराच्या सुमाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. लांबचा आवाज, मुलीचा, इंग्रजी अगदी स्वच्छ. “मी मिहो बोलतेय. हिरानोंची मुलगी. वडील आहेत का?”

“एक मिनिट हं,” म्हणून मी धावत त्यांच्याकडे गेले. “मिहो आहे! फोनवर मिहो आहे, चला!”

त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. चेहऱ्यावर इतकं काही येऊन गेलं, की मला वाटलं आता उठतील, आता उठतील. ते उठले नाहीत. एक फॅक्स काचेवर धरलेला होता, तो तसाच धरून म्हणाले, “सांगा, कामात आहेत.”

“अहो, पण...”

“प्लीज.”

त्यांच्या हातून फॅक्स ओढून घ्यावा, दंडाला धरून त्यांना फोनपाशी न्यावं, असं मनात आलं. पण आता ह्या माणसाच्या बाबतीत स्वतःच्या मनानं काही करायचं धाडस मला होईना. मी परत आले, फोन उचलला.

“मिस मिहो, ते... ते जरा कामात आहेत.”

ती म्हणाली, “मॅडम, मला खरं सांगा. खरंच कामात आहेत?”

मी मान वळवून बघितलं. हिरानो-सान खिडकीशी उभे होते, पांढरा टाय खांद्यावर टाकलेला, काचेवरचा कागद वाचून भराभर उतरवत होते. गठ्ठा निम्मा झाला होता.

“हो,” मी म्हटलं. “अगदी खरंच. सकाळपासून मान वर केली नाहीये.”



“मला वाटलं होतं आई खोटं सांगतेय,” ती म्हणाली. “वाटलं होतं, त्यांना कोणीतरी येऊ दिलं नाही. नाहीतर ते नक्की आले असते. दारापाशी मी थोडा वेळ थांबलेसुद्धा होते. शेवटी काकांबरोबर चालले.”

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात ती पुन्हा बोलायला लागली. आता तिचा आवाज आमच्या ऑफिसात फोन करणाऱ्या कुठल्याही जपानी माणसासारखा होता, सभ्य आणि थंड. “आय अंडरस्टँड. कामात व्यत्यय आणला, सॉरी. त्यांना डिस्टर्ब करू नका.” फोन ठेवला गेला.

मी रिसीव्हर हातात घेऊन बसून राहिले. तिकडून हिरानो-सानांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, तब्येतीला जपा.”

त्यांनी मान हलवली, झेरॉक्स मशीनकडे गेले आणि पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडली.